छोट्या आरसी ट्रकच्या नट-बोल्टांसाठी घरच्या घरी बॉक्स पाना कसा बनवावा

रिमोटवर चालणारा छोटा ट्रक घेतल्यानंतर नवख्या माणसाला पहिली अडचण येते ती मोटर किंवा बॅटरीची नसते, तर चाकाच्या कड्यावर बसवलेल्या इवल्याशा षटकोनी बोल्टांची असते. दगडांवर चढणाऱ्या १/१० मापाच्या (खऱ्या ट्रकच्या एक दशांश आकाराच्या) अनेक ट्रकमध्ये टायर रिमवर चिकटवलेला नसतो, तो एका कड्याने आवळून धरलेला असतो. माझ्या गाडीच्या प्रत्येक चाकाच्या बाहेरच्या कड्यावर असे बारा बोल्ट आहेत, म्हणजे चारही चाके एकदा उघडायची तर अठ्ठेचाळीस बोल्ट सोडवून पुन्हा तितकेच आवळावे लागतात. हे काम मी सुरुवातीला बारीक पकडीने केले आणि दुसऱ्याच वेळेस सात बोल्टांची डोकी गोल झाली. ती काढण्यासाठी कडेच कापावे लागले.

ही वेळ इतरांवर येऊ नये यासाठी, या कामासाठी मी घरी जो पाना बनवतो त्याची पद्धत येथे क्रमाने दिली आहे. तिचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: ॲलन बोल्टच्या डोक्यात जो षटकोनी खळगा असतो, तोच लहान नटासाठी तयार बॉक्स पाना, म्हणजे नटावर टोपीसारखा बसणारा पाना असतो. अचूक षटकोन कोरणे हे घरी जवळजवळ अशक्य काम आहे, परंतु ते कारखान्यात आधीच झालेले असते आणि ते काही रुपयांत हार्डवेअरच्या दुकानात मिळते. आपल्याला फक्त त्या खळग्याभोवतीचे जादा लोखंड काढायचे असते आणि मागे सरळ मूठ बसवायची असते.

बाजारातला सॉकेट का वापरू नये, असा प्रश्न साहजिक आहे. पाव इंची सॉकेटच्या पेटीत बऱ्याचदा ४ मिमीचा सॉकेट असतो, आणि तो तुमच्या चाकात नीट बसत असेल तर अवश्य वापरावा. अडचण तीन ठिकाणी येते. त्याच्या तोंडाला आतून उतार दिलेला असतो, त्यामुळे दीड मिमीपेक्षाही कमी उंचीच्या डोक्यावर त्याची पकड अर्धवट राहते. रिमच्या खोलगट भागात त्याची भिंत अडते. आणि त्याला जोडलेला रॅचेट मोठ्या बोल्टांसाठी बनवलेला असल्यामुळे हाताला अंदाज येण्याआधीच बोल्ट तुटतो. एम २ बोल्टचे (म्हणजे आट्यांपाशी २ मिमी जाड बोल्टचे) ताण सहन करणारे क्षेत्र २.०७ चौरस मिमी असते, तर एम ६ बोल्टचे २०.१ चौरस मिमी असते. जाडी तिप्पट, पण ताकद जवळपास दहापट. मोठ्या बोल्टांची सवय झालेला हात एवढ्या छोट्या बोल्टावर नेहमीच जास्त जोर लावतो, म्हणून पाना छोटा आणि बारीक मुठीचाच हवा.

काय काय लागेल

साहित्यात पूर्ण मिलिमीटर मापाचे ॲलन बोल्ट (कोणते ते पुढे येईल), मुठीसाठी १० ते १२ मिमी जाडीचा ॲल्युमिनियमचा गोल रॉड किंवा सागवानाचा तुकडा, आटे पक्के करणारे जादा ताकदीचे द्रव लॉकर आणि दोन भागांचा इपॉक्सी एवढेच लागते.

अवजारांमध्ये डिजिटल व्हर्नियर ही एकमेव गोष्ट अशी आहे की जिच्याशिवाय हे काम सुरूच करू नये. त्याखेरीज हँड ड्रिल मशीन, ते घट्ट धरून ठेवणारा व्हाइस, मध्यम आणि बारीक दातांची सपाट कानस, ४.२ मिमी आणि २.५ मिमीचे ड्रिल, एम ५ चा टॅप, १२० आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर, जाड काचेचा एक तुकडा आणि डोळ्यांसाठी चष्मा लागतो. कानशीला लाकडी मूठ असलीच पाहिजे, कारण फिरत्या वस्तूवर कानस अडकली तर तिचे टोक थेट तळहातात शिरते.

नागपुरात सामान शोधायचे तर इतवारीतील लोहाओळीपासून सुरुवात करावी. तेथे ॲलन बोल्ट सुटे मिळतात आणि मापाबद्दल नीट विचारले तर दुकानदार चार डबे समोर ठेवतात. ॲल्युमिनियमच्या रॉडचे तुकडे भंगारात वजनावर मिळू शकतात. सागवानासाठी वेगळा खर्च करू नये, घराजवळच्या कोणत्याही सुताराकडे विदर्भातील सागाचे वीतभर तुकडे कापणीत उरलेले असतात.

१. आधी मोजा, मग बाजारात जा

व्हर्नियरने नटाच्या किंवा बोल्टच्या डोक्याच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधले अंतर मोजा. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे अंतर मोजू नका, ही नवख्यांची सर्वांत सामान्य चूक आहे. तीनही जोड्यांचे माप घ्या आणि त्यांतले सर्वांत मोठे धरा.

प्रमाण मापांनुसार एम १.६ च्या नटाला ३.२ मिमी, एम २ ला ४ मिमी, एम २.५ ला ५ मिमी आणि एम ३ ला ५.५ मिमी असे हे अंतर असते. चाक एक्सलला धरून ठेवणारा मोठा नट १/१० मापाच्या बहुतेक गाड्यांत एम ४ चा असतो आणि त्याला ७ मिमीचा पाना लागतो. तो बाजारात सहज मिळतो, म्हणून तो बनवण्याच्या खटाटोपात पडू नये. ॲक्सियल कंपनीच्या एससीएक्स २४ सारख्या १/२४ मापाच्या गाडीत मात्र चाकाचा नटच एम २ चा असतो आणि त्याला ४ मिमीचा पाना लागतो, म्हणून या लेखातला पाना त्या गाडीच्या मालकांना सर्वाधिक उपयोगी पडेल.

शोभेसाठी खऱ्या ट्रकसारखे दिसणारे जे बोल्ट येतात, त्यांची डोकी पुष्कळदा मुद्दाम लहान ठेवलेली असतात. एम २ चा बोल्ट पण डोके ३ मिमीचे, असे सर्रास आढळते. म्हणून पाकिटावर काय छापले आहे त्यावर विसंबू नका, व्हर्नियर काय सांगतो तेच धरा.

२. योग्य ॲलन बोल्ट निवडा

गोल उंच डोक्याच्या ॲलन बोल्टचे खळगे ठरलेल्या मापाचे असतात:

एम ४ बोल्ट: खळगा ३ मिमी, डोक्याचा व्यास ७ मिमी
एम ५ बोल्ट: खळगा ४ मिमी, डोक्याचा व्यास ८.५ मिमी
एम ६ बोल्ट: खळगा ५ मिमी, डोक्याचा व्यास १० मिमी

म्हणजे एम २ च्या नटासाठी एम ५ चा बोल्ट आणि एम २.५ च्या नटासाठी एम ६ चा बोल्ट. हे जुळणे केवळ अंदाजाचे नाही. ४ मिमीच्या नटाचे कमाल माप ४.०० मिमी असते आणि ४ मिमीच्या खळग्याचे किमान माप ४.०२ मिमी असते, म्हणजे प्रमाणात बनलेला नट प्रमाणात बनलेल्या खळग्यात जाणारच, आणि तरीही त्यात फारशी ढिलाई नसणार.

येथेच मोठा धोका आहे. इंची मापातला दहा नंबरचा ॲलन बोल्ट ४.८३ मिमी जाड असतो आणि डब्यात एम ५ च्या शेजारी ठेवला तर नजरेला फरक कळत नाही. त्याचा खळगा मात्र ५/३२ इंचाचा, म्हणजे ३.९७ मिमीचा असतो. त्यात तुमचा नट एक तर जाणार नाही, किंवा ठोकून घातला तर निघणार नाही. म्हणून दुकानात जाताना आपला एक नट आणि एम ५ चा एक साधा नट खिशात ठेवा. साधा नट बोल्टवर हाताने सरळ शेवटपर्यंत फिरला पाहिजे आणि छोटा नट डोक्यातल्या खळग्यात हलक्या बोटाने बसला पाहिजे. या दोन चाचण्या काउंटरवरच करा.

लांबी ५० मिमी घ्या. एम ५ च्या लांब बोल्टला टोकाकडे साधारण २२ मिमीच आटे असतात आणि उरलेला भाग गुळगुळीत असतो. हा गुळगुळीत भाग आपल्याला दोनदा कामाला येतो: ड्रिलच्या चकात पकडण्यासाठी, आणि पाना तयार झाल्यावर चाकाच्या खोलगट भागात पोचण्यासाठी. २० किंवा २५ मिमीचा बोल्ट घेतला तर तो जवळपास पूर्ण आट्यांचा निघेल, चकाचे जबडे आटे चेपतील आणि बोल्ट वाकडा फिरेल.

धातूबद्दल माझे मत असे आहे. काळ्या बोल्टच्या डोक्यावर १२.९ असा ताकदीचा दर्जा कोरलेला असेल तर तो फार कठीण पोलादाचा असतो. त्याच्या कडा वर्षानुवर्षे टिकतात, कानस त्यावर चालते पण सावकाश चालते, आणि साधे ड्रिल त्यावर बोथट होते. त्यामुळे आत भोक पाडण्याची गरज नसेल तर १२.९ घ्यावा. भोक पाडायचे असेल (पायरी ५ पाहा) तर ८.८ किंवा स्टेनलेसचा बोल्ट घ्यावा. एम २ च्या नटाला लागणारा जोर इतका कमी असतो की स्टेनलेससुद्धा त्यासाठी पुरून उरतो.

३. बाहेरचा घेर कमी करा

साडेआठ मिमीचे डोके रिमच्या खाचेत जात नाही, म्हणून ते साडेसहा मिमीपर्यंत आणायचे. घरी लेथ नसते, तेव्हा ड्रिल मशीनलाच लेथ मानून काम करावे लागते.

ड्रिल मशीन व्हाइसमध्ये आडवे आणि घट्ट बसवा. बोल्टच्या गुळगुळीत भागावर कागदाची एक घडी गुंडाळून तो भाग चकात पकडा, आट्यांचे टोक चकाच्या आत राहू द्या आणि डोके जबड्यांच्या शक्य तितके जवळ ठेवा. मशीन हळू फिरवा आणि डोके डगमगते का ते पाहा. डगमगत असेल तर सोडून पुन्हा पकडा. या पायरीवर खर्च केलेली पाच मिनिटे पुढचा तासभर वाचवतात, कारण वाकडे पकडलेले डोके एका बाजूने पातळ होते आणि नेमके तेथेच नंतर फुटते.

मध्यम कानस डोक्यावर सपाट टेकवून एकाच दिशेने पुढे ढकला. डोक्याच्या बाहेरच्या रेघा आधी जातील, मग चकचकीत धातू दिसू लागेल. दर दोन मिनिटांनी थांबून माप घ्या. घाईत वेग वाढवू नका, जास्त वेगात कानस कापत नाही, घसरते आणि तिचे दात मरतात. साडेसहा मिमी झाल्यावर १२० आणि नंतर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने पृष्ठभाग साफ करा.

साडेसहाच का, हेही सांगतो. ४ मिमीच्या षटकोनाचे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे अंतर सुमारे ४.६४ मिमी असते. म्हणजे बाहेरचा व्यास ६.५ मिमी ठेवला तर कोपऱ्यापाशी ०.९ मिमीहून थोडी जास्त भिंत उरते. ६ मिमीवर ती ०.७ मिमीपेक्षा कमी होते. चाकाची खाच फारच अरुंद असेल तर ६ मिमीपर्यंत जाता येते, पण त्यापुढे जाऊ नये. एम ६ च्या बोल्टसाठी हाच हिशेब साधारण ८ मिमीवर थांबतो.

या कामात हातमोजे घालू नयेत. फिरणाऱ्या चकात मोज्याचा धागा अडकला तर तो हातही ओढून नेतो. बाही वर सरकवून, चष्मा लावून आणि मुलांना दूर ठेवूनच काम करावे.

४. तोंड सपाट करा

ॲलन की सहज आत जावी म्हणून बोल्ट बनवणारे खळग्याच्या तोंडाशी थोडा उतार देतात. आपल्यासाठी तोच उतार घातक आहे. एम २ च्या बोल्टचे डोके प्रमाणात १.४ मिमी उंच असते आणि त्यातले जितके उतारात राहील तितकी पकड कमी. पाना घसरून कोपरे गोल होण्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते, आणि लोक मात्र बोल्टला दोष देतात.

डोके चकात असतानाच बारीक कानस तोंडावर सपाट धरून ०.३ ते ०.५ मिमी धातू काढा. उतार पूर्ण नाहीसा होऊन षटकोनाची कड तीक्ष्ण दिसली की थांबा. एम ५ च्या बोल्टचा खळगा किमान २.५ मिमी खोल असतो, त्यातून अर्धा मिमी गेला तरी नटासाठी दोन मिमी उरतात. शेवटी बोल्ट चकातून काढा, काचेवर ४०० नंबरचा कागद पसरून ठेवा आणि त्यावर तोंड हलकेच गोल गोल फिरवा.

कानशीमुळे खळग्याच्या आतल्या कडेवर बारीक कुसळ येते. त्यासाठी ४ मिमीची चांगली ॲलन की वरून सरळ दाबून बाहेर काढा. ती कुसळ कापत आत जाते आणि खळगा पुन्हा मूळ मापाचा होतो.

५. लांब आट्यांसाठी आत जागा करा (गरज असेल तरच)

तुम्हाला फक्त बोल्टची डोकी फिरवायची असतील तर ही पायरी सोडून द्या. नट फिरवायचे असतील, आणि नटातून आट्यांचे टोक बाहेर येत असेल, तर ते टोक खळग्याच्या तळाला टेकते आणि पाना नटावर पूर्ण बसत नाही.

खळग्याचा तळ बहुधा शंकूसारखा असतो, त्यामुळे ड्रिलचे टोक आपोआप मध्यभागी येते. २.५ मिमीचे ड्रिल लावून डोक्याच्या तोंडापासून ८ ते १० मिमी खोल भोक पाडा. वेग कमी ठेवा, तेलाचे थेंब देत राहा आणि दाब कायम ठेवा. स्टेनलेसवर ड्रिल नुसते घासत राहिले तर तो जागीच कठीण होतो आणि मग त्यात काहीच शिरत नाही. एम ५ च्या बोल्टचा दांडा ५ मिमीचा असल्यामुळे २.५ मिमीच्या भोकाने त्याची ताकद आपल्या कामापुरती कमी होत नाही.

चाकाचा नट नायलॉनच्या कड्याचा असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. अशा नटाचा वरचा भाग गोल असतो आणि षटकोन खाली असतो. दोन मिमी खोलीच्या खळग्यात हा गोल भागच अर्धी जागा घेतो आणि षटकोनाला जेमतेम मिमीभर पकड मिळते. अशा वेळी २.५ मिमीच्या भोकानंतर ३.९ मिमीचे ड्रिल घेऊन खळग्याच्या तळापासून फक्त दीड ते दोन मिमी आणखी खाली जा. षटकोनाच्या सपाट बाजूंना धक्का न लावता खाली गोल जागा तयार होते, नटाचा गोल भाग तिच्यात जातो आणि षटकोनाला पूर्ण पकड मिळते. ड्रिलवर चिकटपट्टीची खूण करून ठेवा, कारण डोक्याची एकूण उंची मुळात ५ मिमीच असते आणि खाली जास्त गेल्यास भिंत दांड्यापाशी अगदी पातळ होते.

६. मूठ बनवा

ॲल्युमिनियमचा रॉड ८० मिमी लांब कापा. त्याच्या एका टोकाच्या अगदी मध्यभागी सेंटर पंचाने खूण करा, ४.२ मिमीच्या ड्रिलने २५ मिमी खोल भोक पाडा आणि एम ५ चा टॅप फिरवून आटे पाडा. टॅप अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे, असा फिरवावा आणि दर चार-पाच फेऱ्यांनी बाहेर काढून चुरा झटकावा. टॅप आत तुटला तर तो काढण्याची खटपट करू नका, दुसरा रॉड घ्या.

भोक सरळ पडणे हीच येथली खरी परीक्षा आहे. हातात ड्रिल धरून ते फारसे सरळ पडत नाही. एखाद्या ओळखीच्या ठिकाणी स्टँडचे ड्रिल असेल तर तेथे जा, किंवा लेथवाल्याकडून एवढे एकच काम करून घ्या. हिंगणा एमआयडीसीच्या बाजूला लहान वर्कशॉप आहेत. मोठ्या कामाच्या मधल्या वेळात असा तुकडा लेथवर लावून देण्याची विनंती केली तर पुष्कळ कारागीर ती मान्य करतात, मात्र रॉड कापून आणि मापे कागदावर लिहून न्यावीत.

सागवानाची मूठ हाताला अधिक चांगली लागते आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना गच्चीवर किंवा मैदानात ठेवलेली ॲल्युमिनियमची मूठ धरवत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. लाकडात ४.५ मिमीचे भोक पाडून बोल्ट इपॉक्सीत बसवावा. गरम गोंदाची बंदूक येथे वापरू नये. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत तो गोंद मऊ पडतो आणि मूठ हातात फिरू लागते.

७. बोल्ट मुठीत पक्का करा

माझा पहिला पाना नट छान आवळत असे, पण सोडवायला गेलो की नट जागेवर राहून मूठच उलगडून हातात येत असे. कारण समजून घेतले तर चूक होणार नाही. मूठ उजवीकडे फिरवली की ती बोल्टवर आणखी घट्ट होते, पण डावीकडे फिरवली की साध्या आट्यांच्या नियमाने ती बोल्टवरून सुटू पाहते. म्हणजे नट सोडवताना मूठ आणि नट यांत जो जास्त घट्ट असेल तो टिकतो. मूठ नेहमी जास्त घट्ट असलीच पाहिजे.

ॲल्युमिनियमच्या मुठीसाठी बोल्टचे आटे आणि भोक दोन्ही पेट्रोल किंवा थिनरने धुऊन पूर्ण वाळवा, जादा ताकदीच्या लॉकरचे तीन-चार थेंब टाका आणि बोल्ट तळापर्यंत आवळा. हे द्रव हवा तुटल्यावर आणि धातूच्या सान्निध्यात घट्ट होते. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेसवर ही क्रिया मंद चालते, म्हणून पूर्ण एक दिवस हात लावू नका. लाकडात हे द्रव घट्टच होत नाही, तेथे इपॉक्सीच हवा. आणखी एक सूचना मनापासून करतो: हे लॉकर ट्रकच्या बॉडीजवळ नेऊ नका. एबीएस आणि पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकना त्यामुळे तडे जातात, आणि ते तडे लगेच दिसत नाहीत, आठवड्याने दिसतात.

८. चाचणी आणि वापर

पाना काचेवर आडवा ठेवून मूठ हळूहळू लोटा आणि डोके एका रेषेत राहते का ते पाहा. थोडी डगमग चालते, पण टोक अर्धा मिमीपेक्षा जास्त वरखाली होत असेल तर नटावर जोर तिरका पडेल.

पहिला प्रयोग चाकावर करू नका. एका लाकडी पट्टीत एम २ चा बोल्ट घालून मागे नट लावा आणि तो दहा वेळा आवळून सोडवा. कोपऱ्यांवर चमकदार पट्टे दिसू लागले तर तोंड अजून सपाट झालेले नाही, म्हणजे पायरी ४ पुन्हा करावी लागेल.

चाकाचे बोल्ट आवळताना मूठ मुठीत घट्ट धरू नका, ती तीन बोटांनी फिरवा. आधी सगळे बोल्ट हलके टेकवून घ्या, मग समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळा. एकाच बाजूने गोल फिरत आवळले तर कडे तिरके बसते आणि टायर एका बाजूने निसटतो. पावसाळ्यात गाडी चालवून आणल्यावर आमच्याकडची काळी माती बोल्टांच्या भोवती बसून वाळते आणि जवळजवळ सिमेंटसारखी होते. पाना लावण्यापूर्वी जुन्या दातघासणीच्या ब्रशने प्रत्येक डोके साफ करा. पाना मातीवर टेकला तर तो पूर्ण बसला आहे असा भास होतो, प्रत्यक्षात तो अर्धाच बसलेला असतो.

नट खळग्यात टिकून राहावा म्हणून तळाशी चुंबक बसवण्याची कल्पना अनेकांना सुचते. स्टेनलेसचे बहुतेक नट चुंबकाला धरत नाहीत आणि चुंबकामुळे खळग्याची खोली कमी होते. त्यापेक्षा सायकलच्या ग्रीसचा ठिपका पुरतो.

९. ज्या मापांना ॲलन बोल्ट नाही

एम १.६ चा ३.२ मिमीचा आणि एम ३ चा ५.५ मिमीचा नट, या दोन्हींसाठी वरची युक्ती लागू पडत नाही, कारण त्या मापाचे खळगे नेहमीच्या ॲलन बोल्टमध्ये नसतात. त्यांच्यासाठी पितळी नळी नटावरच दाबून षटकोनी करावी लागते. नळीचा सर्वांत सोपा स्रोत म्हणजे जुन्या रेडिओची लांब होणारी अँटेना. ती बहुधा पितळेचीच असते, वर क्रोमचा मुलामा असतो, आणि एकात एक जाणाऱ्या तिच्या नळ्यांमध्ये बरीच मापे एकाच ठिकाणी मिळतात.

एम ३ च्या लांब स्क्रूवर तीन नट एकमेकांना चिकटवून बसवा आणि त्यांच्या सपाट बाजू व्हाइसमध्ये एका रेषेत धरून आवळा. हा तुमचा साचा झाला. त्यावर जेमतेम सरकेल अशी नळी निवडा, तिचा मुलामा पॉलिश पेपरने घासून काढा, टोक मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवा म्हणजे पितळ मऊ होईल. मग साच्याला तेलाचा हात लावून नळी त्यावर चढवा आणि व्हाइसच्या सपाट जबड्यांमध्ये समोरासमोरच्या बाजू एकेक करून दाबा. तीनही जोड्या थोड्या थोड्या, दोन-तीन फेऱ्यांत दाबायच्या आहेत, एकदम नाही. स्क्रू धरून साचा ओढून काढला की आत षटकोन तयार दिसतो. नळीच्या मागच्या टोकात तिच्या आतल्या मापाला जुळणारा रॉड किंवा बोल्टचा दांडा इपॉक्सीने बसवा, आणि पुढे सहा मिमी पोकळी मोकळी ठेवा.

पितळ पोलादासारखे टिकत नाही, काही महिन्यांनी त्याच्या कडा ढिल्या होतात. तसे झाल्यावर टोकाचा एक मिमी कापून टाका, साचा पुन्हा आत घाला आणि पुन्हा दाबा. म्हणून साचा फेकून देऊ नका, तो पाना ठेवता त्याच डबीत ठेवा.